किसास, दियत आणि माफी: हक्क नेमका कोणाचा?

रंकाळ्याकाठी | १९ ऑगस्ट, रात्री ९:४०

केरळच्या निमिषा प्रियाची येमेनमधली, खुनाबद्दलची फाशी १६ जुलै २०२५ ला ठरली होती आणि ऐनवेळी लांबणीवर पडली. तेव्हापासून आपल्या कोल्हापुरात, बिंदू चौकात असो की रंकाळ्यावर, दोन वाक्यं सारखी कानावर येतात. "तिकडं काय, पैसे मोजले की खून माफ." आणि "आपल्याकडं तिकडचाच कायदा पायजे, डोळ्याला डोळा, मग बघा कसे सरळ येतात." किसास, म्हणजे जेवढं केलं तेवढाच बदला मागायचा हक्क, नेमका काय आहे हे या बोलणाऱ्यांना कुणी सांगितलेलं नाही, आणि आम्हा मुसलमानांनीही ते शेजाऱ्यांना कधी नीट समजावून दिलं नाही. मी आलिमा, म्हणजे धर्मशास्त्र शिकलेली, नाही, कायदाही शिकलेली नाही. वडिलांच्या कपाटातल्या पुस्तकांपासून वाचायला लागले आणि या विषयात अडकले. जे समजलं ते मांडते. चुकलं तर खुशाल दुरुस्त करा.

सुरुवात इस्लामच्या आधीच्या अरबस्तानापासून करावी लागते, नाहीतर काहीच उलगडत नाही. बक्र आणि तग़लिब या दोन टोळ्यांचं बसूसचं युद्ध प्रसिद्ध आहे. तग़लिबच्या कुलैब नावाच्या सरदाराने एका उंटिणीला बाण मारला, त्यावरून बक्रच्या जस्सासने कुलैबला मारलं, आणि परंपरा सांगते की ते वैर चाळीस वर्षं चाललं. त्यातला एक प्रसंग वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. बक्रच्या एका माणसाचा मुलगा बुजैर मारला गेला. बाप म्हणाला, माझ्या पोराच्या रक्ताने कुलैबची भरपाई झाली असेल आणि हे वैर संपणार असेल, तर मी गप्प बसतो. कुलैबच्या भावाचं उत्तर आलं: तुझा पोरगा कुलैबच्या वहाणेच्या बंदाइतकाच, बाकी हिशोब शिल्लक आहे.

त्या समाजात मोठ्या घराण्यातला माणूस मेला की समोरच्या टोळीतले दहा मारायचे, आणि मारणारा गुलाम असला तरी बदल्यात स्वतंत्र माणूसच मागायचा अशी रीत होती. कुरआनच्या दुसऱ्या सूरेतली (अध्यायातली) १७८ वी आयत (वचन) या रीतीला उत्तर आहे. स्वतंत्राबद्दल स्वतंत्र, गुलामाबद्दल गुलाम, स्त्रीबद्दल स्त्री. ज्याने केलं त्यालाच शिक्षा. त्याच्या भावाला नाही, टोळीतल्या चांगल्या माणसाला नाही. आणि हीच आयत पुढच्या श्वासात म्हणते की मयताच्या बाजूने, आपल्या या भावाकडून, काही माफ झालं तर मागणाऱ्याने रीतीने मागावं आणि देणाऱ्याने भलेपणाने द्यावं. ही तुमच्या रबकडून, पालनकर्त्याकडून, सवलत आहे, दया आहे. खुनी आणि वारस यांना एकमेकांचे भाऊ म्हणणारा दंडविधान मी दुसरीकडे वाचलेला नाही.

पाचव्या सूरेतली ४५ वी आयत, जिच्यातला "डोळ्याला डोळा" सगळ्यांना पाठ आहे, ती मुळात तौरातमधल्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथातल्या, आज्ञेची आठवण करून देते. जिवाला जीव, डोळ्याला डोळा, नाकाला नाक, कानाला कान, दाताला दात. तिचा पुढचा भाग मात्र कुणी म्हणत नाही: जो हा हक्क सदका (दान) म्हणून सोडून देईल, त्याच्या पापांचं ते प्रायश्चित्त ठरेल. सतराव्या सूरेत (आयत ३३) वारसाला अधिकार दिलाय आणि लगेच बजावलंय की त्याने मारण्यात अतिरेक करू नये. बेचाळिसाव्या सूरेत वाईटाची भरपाई तितकंच वाईट, पण जो माफ करून समेट घडवेल त्याचं फळ अल्लाहकडे आहे. जिथे जिथे बदल्याचा हक्क येतो, तिथे मागोमाग माफी येते. दरवेळी.

पैगंबरांनी हे आधी स्वतःच्या घरापासून लागू केलं. ६३२ सालच्या शेवटच्या हजच्या प्रवचनात त्यांनी जुन्या काळातले सगळे रक्ताचे दावे रद्द केले, आणि पहिला दावा रद्द केला तो आपल्याच कुळातला, चुलतभाऊ रबीआ बिन हारिस यांच्या मुलाच्या रक्ताचा. हुजैल टोळीच्या हातून तो लहानपणीच मारला गेला होता. त्याआधी दोन वर्षं, ६३० मध्ये, मक्का हाती आल्यावर चुलते हमजा यांना उहुदच्या लढाईत मारणारा वहशी समोर आला. त्यालाही जीवदान दिलं. माझ्यासमोर फार येऊ नकोस, एवढंच सांगितलं. ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. माफ करणं म्हणजे दुःख विसरणं, अशी अट तिथे नव्हती.

व्यवहारात हे कसं चालतं ते थोडक्यात. फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्रात, हत्येचे प्रकार केलेत: जाणूनबुजून, अर्धवट हेतूने (मारहाण करायची होती, जीव गेला), आणि चुकून. किसास फक्त पहिल्या प्रकारात. बाकीच्यांत दियत, म्हणजे वारसांना भरपाई. मूळ माप शंभर उंटांचं. चुकून झालेल्या हत्येत दियतीबरोबर गुलाम मुक्त करणं, ते शक्य नसेल तर सलग दोन महिन्यांचे रोजे (चौथी सूरा, आयत ९२). जाणूनबुजून केलेल्या खुनात वारसांपुढे तीन वाटा असतात: किसास मागणं, दियत घेणं, किंवा काहीही न घेता सोडून देणं. बहुतेक फकीहांच्या (कायदेपंडितांच्या) मते वारसांपैकी एकाने जरी माफ केलं तरी बाकीच्यांचा किसासचा हक्क संपतो. दहा जण फाशी मागत असतील आणि एक म्हणत असेल नको, तर त्या एकाचं चालतं.

आता निमिषाकडे या. २०१७ मध्ये येमेनच्या तलाल अब्दो महदी यांचा खून झाला, त्यात तिला शिक्षा झाली. केरळचे मुफ्ती कांथापुरम अबूबकर मुसलियार यांनी मध्यस्थी केली, लोक पैसे जमवायला तयार होते, पण तलालच्या भावाने जाहीरपणे सांगितलं की आम्हाला पैसा नको, किसास हवा. म्हणजे "पैसे मोजले की माफ" हे खोटं. उलट सौदीत मृत्युदंड झालेल्या केरळच्या अब्दुल रहीमच्या बाबतीत वारस तयार झाले आणि २०२४ मध्ये मल्याळी लोकांनी सुमारे ३४ कोटी रुपये वर्गणीतून उभे केले. दोन्हीकडे निर्णय घरच्यांच्या हातात होता.

मला यात न पटणारंही बरंच आहे. पण आधी तुमचं ऐकायचंय.

गंगावेस | १९ ऑगस्ट, रात्री १०:२५

ताई, ते उंटिणीचं वाचून डोकं सुन्न झालं. आमच्याकडं उंटीण न्हाई, बांध हाय. एवढाच फरक.

आमच्या गावात दोन घरं हायत, एकाच भावकीतली. बांधावरनं वाद, मग कुऱ्हाड. ज्यानं मारलं तो कळंब्याच्या जेलात गेला. पर ज्याचा भाऊ मेला, तो त्याच्या वाटंला गेलाच न्हाई. त्यानं दुसऱ्या भावाला गाठलं, जो त्या दिवशी गावातबी नव्हता, साखर कारखान्यावर कामाला हुता. का? तर "त्यांच्या घरातला कर्ता तोच हाय, त्यो गेला की घर बसतंय." म्हणजे तुमच्या त्या कुलैबच्या भावाचंच गणित. आता दोन्ही घरांत बायकाच उरल्यात आन् पोरं शाळंत जात्यात.

मी इस्लाममधलं काय जाणत न्हाई. पर "केलं त्यालाच, आन् तेवढंच" एवढं जरी आमच्या गावात कुणी ठामपणानं सांगितलं असतं तरी एक माणूस जिता असता.

काळाकोट | १९ ऑगस्ट, रात्री ११:०५

विषय मनापासून आवडला. कालच आपल्याकडे उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं कामकाज सुरू झालं, बाररूममध्ये दिवसभर त्याचीच चर्चा होती, आणि रात्री हे वाचायला मिळालं.

एक गैरसमज आधी दूर करतो, कारण व्हॉट्सअॅपवर तो रोज येतो. भारतात मुसलमानांना फौजदारी बाबतीत वेगळा कायदा नाही. १९३७ चा शरियत कायदा लग्न, तलाक, वारसा, वक्फ अशा बाबींपुरता आहे. खून कुणीही करो, २०२४ च्या १ जुलैपर्यंत भारतीय दंड संहिता होती, आता भारतीय न्याय संहिता, कलम १०३.

मात्र एके काळी परिस्थिती वेगळी होती. मुघलांच्या आणि नंतर कंपनीच्या ताब्यातल्या बंगालमध्ये फौजदारी न्याय हनफी, म्हणजे इमाम अबू हनीफांच्या परंपरेतल्या, फिकहप्रमाणेच चालायचा. १७९० मध्ये कॉर्नवॉलिसने दोन मोठे बदल केले. एक म्हणजे खुनाचा हेतू कोणत्या हत्याराने मारलं यावरून न ठरवता परिस्थितीवरून ठरवायचा. अबू हनीफांचं मत असं होतं की धारदार हत्याराने मारलं तरच किसास. गळा दाबणं, बुडवून मारणं त्यात बसत नाही. त्यांचेच शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद यांना ते मान्य नव्हतं. कंपनीने शिष्यांचं मत उचललं. दुसरा बदल जास्त खोल होता: वारसांनी माफ केलं तरी शिक्षा थांबणार नाही. खून हा सरकारविरुद्धचा गुन्हा झाला, आणि १८६० च्या दंड संहितेने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

आजही खुनाच्या खटल्यात आपसात मिटवता येत नाही. ग्यान सिंग प्रकरणात (२०१२) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की खून, बलात्कार, दरोडा असे गुन्हे समझोत्याच्या जोरावर रद्द होणार नाहीत.

मी या व्यवस्थेत वाढलो आणि तीच योग्य मानतो. पण इतकी वर्षं कोर्टात उभं राहून एक गोष्ट सलते. मयताची आई आमच्या कोर्टात फक्त साक्षीदार असते. तिला तारखा कळत नाहीत, निकालाच्या दिवशी ती मागच्या बाकावर असते, आणि "सरकार विरुद्ध अमुक" या शीर्षकात तिचं नाव कुठेच नसतं. सुटकेविरुद्ध अपील करायचा हक्कसुद्धा पीडिताला २००९ च्या अखेरीस मिळाला. किसासमध्ये ती आई मध्यभागी असते. सगळा निर्णय तिच्यावर सोपवणं मला पटत नाही, पण तिला मध्यभागी आणणं पटतं.

दुधाळी | २० ऑगस्ट, सकाळी ७:५०

मी विरोधात बोलणार आहे, आणि स्पष्ट बोलणार आहे. रंकाळ्याकाठी, तुमच्या लेखाबद्दल आदर आहे.

वारसांना हक्क दिला की वारस कोण हा प्रश्न येतो. भावाने बहिणीचा खून केला तर वारस कोण? आईबाप. म्हणजे खुन्याचेही आईबाप. पाकिस्तानात १९९० च्या अध्यादेशाने किसास-दियत दंड संहितेत आणलं, १९९७ मध्ये संसदेने त्याचा कायदा केला, आणि त्यानंतर "इज्जती"च्या नावाखाली पोरींना मारणाऱ्या भावांना आणि बापांना घरातल्या घरात माफी मिळायला लागली. २०१६ मध्ये सोशल मीडियावर गाजलेल्या कंदील बलोचला तिच्या भावाने मारलं. त्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला की अशा खुनात माफी मिळाली तरी जन्मठेप द्यायचीच. २०१९ मध्ये त्याला जन्मठेप झालीही. फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला सोडलं. आईने माफ केलं होतं आणि साक्षीदार फिरले होते.

आणि पैशाचं? २०११ मध्ये लाहोरमध्ये रेमंड डेव्हिस या अमेरिकी माणसाने दोघांना गोळ्या घातल्या. जानेवारीच्या अखेरीस घटना, मार्चच्या मध्याला दियत भरून तो विमानात. घरच्यांवर दबाव होता असे आरोप तेव्हाच झाले. गरीब विधवेपुढे एका बाजूला नोटांचं बंडल आणि दुसऱ्या बाजूला सत्ता असेल, तेव्हा तिने केलेल्या माफीला माफी म्हणायचं का?

आणखी एक. पारंपरिक फिकहमध्ये बाईची दियत पुरुषाच्या निम्मी. त्यावर काय म्हणणं आहे?

पोथीवाला | २० ऑगस्ट, सकाळी ९:१५

दुधाळी यांचा प्रश्न महत्त्वाचा आहे, त्याचं उत्तर मूळ लेखिकाच देतील. मी फक्त आपल्या घरातला एक दाखला ठेवतो, म्हणजे हे सगळं परक्या वाळवंटातलं आहे असं कुणाला वाटू नये.

आपस्तंब धर्मसूत्रात आहे: क्षत्रियाला मारलं तर हजार गायी, वैश्याला मारलं तर शंभर, शूद्राला मारलं तर दहा, आणि वर प्रत्येक वेळी एक बैल. कशासाठी? वैरयातनार्थ, म्हणजे वैर फेडण्यासाठी. वैर संपवायचं तर मोबदला हवा ही समज आपल्याही परंपरेत होती. मात्र माणसाच्या जिवाची किंमत त्याच्या वर्णावर ठरवली होती, हेही तितकंच खरं. निम्म्या दियतीवर बोट ठेवताना हजार आणि दहाचं प्रमाणही आपण डोळ्यासमोर ठेवलं पाहिजे. दोन्ही चूक आहेत.

रंकाळ्याकाठी | २० ऑगस्ट, दुपारी २:३०

दुधाळीताई, तुमचे तिन्ही मुद्दे मला मान्य आहेत. मला न पटणारं म्हणाले होते ते बरचसं हेच. पण ते नुसतं मान्य करून थांबता येणार नाही, कारण परंपरेच्या आत यावर भांडण झालेलं आहे आणि आजच्या राज्यकर्त्यांनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं आहे.

बाईच्या जिवापासून सुरू करते. बाईच्या खुनाबद्दल पुरुषाला किसास लागतो, यावर चारही सुन्नी मजहब, म्हणजे हनफी, मालिकी, शाफई आणि हंबली या कायद्याच्या परंपरा, सहमत आहेत. मदिनेत एका मुलीचं डोकं दोन दगडांमध्ये ठेचणाऱ्याला पैगंबरांनी मृत्युदंड दिला, ही हदीस (पैगंबरांबद्दलची परंपरेने जपलेली नोंद) बुखारी या संग्रहात आहे. दियतीत मात्र फकीहांनी निम्मं माप धरलं. त्यावर त्याच जुन्या काळात अल-असम्म आणि इब्न उलैया या विद्वानांनी वेगळं मत मांडलं: कुरआन चुकून झालेल्या हत्येची दियत सांगताना स्त्री-पुरुष भेद करत नाही, मग आपण का करायचा? त्यांना एकटं पाडलं गेलं. विसाव्या शतकात अल-अझर या कैरोतल्या विद्यापीठाचे प्रमुख महमूद शलतूत यांनी पुन्हा समान दियतीची बाजू घेतली. मी त्यांच्या बाजूची आहे. आयतीच्या शब्दांत नसलेली विषमता कायद्यात ठेवण्याचं कारण मला दिसत नाही.

आता माफीचा प्रश्न. हा खरा गाभा आहे आणि यासाठीच हा धागा काढला.

माफ करायचा हक्क ज्याला घाव लागला त्याचा. कुरआनने तो इतका मोठा केला कारण सूड सोडणं फार कठीण असतं आणि ते दुसरा कुणी तुमच्या वतीने करू शकत नाही. पण मेलेला माणूस स्वतः माफ करू शकत नाही. वारस त्याच्या वतीने बोलतो. तो वारस खुन्याच्याच बाजूचा असेल तर मयताच्या वतीने बोलणारं कुणीच उरत नाही. कंदीलच्या बाबतीत नेमकं हे झालं. तिथे झालेली माफी हा तिच्यावर दुसरा अन्याय आहे.

इमाम मालिक यांच्या मजहबात याचा विचार आहे. गाफील ठेवून, विश्वासात घेऊन, घरात बोलावून केलेला खून, त्याला ते ग़ीला म्हणतात, आणि त्यात वारसांची माफी चालतच नाही. शिक्षा राज्य देतं. साध्या जाणूनबुजून खुनातसुद्धा मालिकींच्या मते माफी मिळाली तरी खुनी मोकळा सुटत नाही, शंभर फटके आणि वर्षभराची कैद भोगावी लागते. बापाला मुलाच्या खुनाबद्दल किसास नाही असं बाकीचे तीन मजहब म्हणतात. मालिक म्हणतात, बापाने मारायच्याच इराद्याने मारलं असेल तर आहे. झोपलेल्या बहिणीचा गळा दाबणं ग़ीला नाही तर काय आहे? पाकिस्तानच्या कायद्यात ३११ कलमाखाली माफीनंतरही शिक्षा देता येते, पण न्यायाधीशांनी ती सोय कित्येकदा वापरलीच नाही. शास्त्रात वाट होती, ती घेतली नाही, एवढंच मला म्हणायचंय.

आणि ही अडचण नवी नाही. ६४४ मध्ये खलिफा उमर यांच्यावर मदिनेच्या मशिदीत खंजिराचे वार झाले. त्यांच्या उबैदुल्लाह या मुलाने नुसत्या संशयावरून हुर्मुजान नावाच्या इराणी माणसाला, आणखी एका ख्रिस्ती माणसाला आणि हल्लेखोराच्या लहान मुलीला मारून टाकलं. नवे खलिफा उस्मान यांच्यापुढे पहिला मोठा खटला हाच. हुर्मुजानला मदिनेत वारस नव्हता, ज्याला वारस नाही त्याचा वारस राज्यकर्ता, म्हणून उस्मान यांनी स्वतःच वारस या नात्याने माफ केलं आणि दियत आपल्या पदरची भरली. पैगंबरांचे जावई आणि पुढे खलिफा झालेले अली यांना ते पटलं नाही. निरपराध माणसाच्या खुनाला किसासच हवा असं त्यांचं म्हणणं होतं. कालच बाप गमावलेल्या पोरालाही मारायचं का, असा लोकांचा सूर होता, तो मला समजतो. तरीही मी अलींच्या बाजूने आहे. हुर्मुजानसाठी त्या मदिनेत रडणारं कुणी नव्हतं, म्हणून तर राज्यकर्त्याने त्याची बाजू अधिक घट्ट धरायला हवी होती.

शिवाजी_पेठ | २० ऑगस्ट, दुपारी ४:१०

मयत मुसलमान नसेल आणि मारणारा मुसलमान असेल तर? तिथे किसास लागतो का? सरळ उत्तर हवं.

रंकाळ्याकाठी | २० ऑगस्ट, दुपारी ४:४५

सरळ उत्तर: मजहबांत फरक आहे. हनफी मताप्रमाणे राज्यात राहणाऱ्या मुस्लिमेतराचा खून केला तर मुसलमानालाही किसास लागतो आणि दियतही पूर्ण, समान. आपल्याकडचे बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत, कोकणातले शाफई. शाफई आणि हंबली मतात किसास लागत नाही, मालिकींमध्ये फक्त ग़ीलामध्ये लागतो, आणि दियतही या तिघांत कमी धरली आहे. इथे हनफी मतच न्यायाचं आहे असं मी मानते. "जिवाला जीव" म्हणणारी आयत जिवाचा धर्म विचारत नाही, हाच हनफींचा युक्तिवाद आहे.

गंगावेस | २० ऑगस्ट, संध्याकाळी ७:३०

ते अलींचं पुढं काय झालं? त्यांचाबी खूनच झाला न्हवं?

रंकाळ्याकाठी | २० ऑगस्ट, रात्री ८:०५

हो. ६६१ मध्ये, कूफ्याच्या मशिदीत, इब्न मुल्जम नावाच्या माणसाने विषारी तलवारीने वार केला. अली दोन दिवस जिवंत होते. तेवढ्यात त्यांनी मुलांना बजावलं ते नहजुल बलागा या त्यांच्या वचनांच्या संग्रहात आहे: माझ्या खुनाच्या नावाखाली मुसलमानांच्या रक्तात हात बुडवू नका. माझ्याबद्दल फक्त मारणाऱ्यालाच मारा. मी या वाराने मेलो तर त्याला एका वाराबद्दल एकच वार, आणि त्याच्या देहाची विटंबना करू नका.

त्याआधी पाचच वर्षं उस्मान यांच्या खुनाचा किसास हवा म्हणत दोन मोठ्या लढाया झाल्या होत्या, जमल आणि सिफ्फीन. उस्मान यांचे नातेवाईक, सीरियाचे सुभेदार मुआविया यांनी आपल्या दाव्याला तीच सतराव्या सूरेतली आयत लावली होती, वारसाला अधिकार देणारी. "अतिरेक करू नये" हा त्याच आयतीतला भाग रणांगणात हरवला. अलींनी हे सगळं बघितलं होतं, म्हणून मरताना त्यांनी मापच ठरवून दिलं.

बाबूजमाल_गल्ली | २० ऑगस्ट, रात्री ९:२०

कायद्याचं खूप झालं, माझे उस्ताद सांगायचे ते लिहितो. ज्या हक्काचा निवाडा इथे झाला नाही त्याचा तिथे होणार, ही आमची श्रद्धा. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात आहे की कयामतीच्या दिवशी प्रत्येकाचा हक्क परत मिळेल, इतका की शिंगं नसलेल्या बकरीला शिंगवालीने मारलं असेल तर तिचाही बदला घेतला जाईल.

आणि त्याच संग्रहातली दुसरी हदीस. पैगंबरांनी विचारलं, दिवाळखोर कोण? लोक म्हणाले, ज्याच्याकडे पैसा नाही तो. ते म्हणाले, दिवाळखोर तो, जो नमाज, रोजे, जकात घेऊन येईल, पण त्याने कुणाला शिवी दिली असेल, कुणाचा माल खाल्ला असेल, कुणाचं रक्त सांडलं असेल. त्याची पुण्यं एकेकाला वाटली जातील, आणि ती संपली की त्यांची पापं याच्या माथी येतील.

लहानपणी हे ऐकून मी शेजारच्याची चोरलेली गोटी परत दिली होती. किसास फक्त जल्लादाचा विषय नाही, रोजच्या वागण्याचा आहे.

दुधाळी | २० ऑगस्ट, रात्री १०:००

रंकाळ्याकाठी, उत्तराबद्दल आभार. मालिकी मताचं मला नवीन होतं.

मी विरोधात आहेच, पण एक उदाहरण माझ्याही डोक्यातून जात नाही. तेहरानची अमिना बहरामी. २००४ मध्ये लग्नाला नकार दिला म्हणून तिच्या चेहऱ्यावर अॅसिड फेकलं, दोन्ही डोळे गेले. कोर्टाने तिला किसासचा हक्क दिला, म्हणजे त्याच्या डोळ्यांत थेंब टाकून त्याला आंधळं करायचं. ३१ जुलै २०११ ला दवाखान्यात सगळी तयारी झालेली असताना तिने त्याला माफ केलं. तोवर ती वर्षानुवर्षं ठामपणे सांगत होती की मला हे हवंय.

तिने मागितलं तेव्हा तिला क्रूर म्हणणारे आपल्याकडेही होते. मला तसं म्हणता येत नाही. डॉक्टरच्या हातून राज्याने डोळे घालवावेत हे मला अमानुष वाटतं आणि कुठल्याच देशात ते नसावं. पण तिच्या हातात निर्णय होता, म्हणून तिच्या माफीला वजन आलं. आपल्याकडे अॅसिड हल्ला झालेल्या मुलीला सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशाप्रमाणे किमान तीन लाख भरपाई आहे, पण तिला काय वाटतं हे तिला कुणी विचारत नाही.

रंकाळ्याकाठी | २० ऑगस्ट, रात्री १०:४०

दुधाळीताई, शारीरिक शिक्षांबद्दल मी तुमच्याशी सहमत आहे. स्विस मुस्लिम विचारवंत तारिक रमजान यांनी २००५ मध्ये मुस्लिम देशांना आवाहन केलं होतं की फटके, दगडफेक, मृत्युदंड या शिक्षा तूर्त थांबवा, कारण त्या गरिबांच्या आणि बायकांच्याच वाट्याला येतात. अल-अझरमधून विरोध झाला. मला आवाहन योग्य वाटलं होतं आणि आजही वाटतं.

पैगंबरांच्या घरी राहिलेले अनस बिन मालिक सांगतात की किसासचा कुठलाही मामला पैगंबरांपुढे आला की ते माफ करायलाच सांगत. सांगत, पण लादत नसत. याच अनस यांच्या आत्याने, रुबय्यि यांनी, एका मुलीचा दात तोडला होता. मुलीच्या घरच्यांनी भरपाई नाकारली, किसास मागितला. अनस यांच्या चुलत्यांनी शपथ घेतली की रुबय्यिचा दात तोडला जाणार नाही. पैगंबर म्हणाले, अल्लाहच्या किताबाचा हुकूम किसास आहे. आपल्या माणसासाठी त्यांनी कायदा वाकवला नाही. मग मुलीच्या घरचे आपण होऊन राजी झाले. ते राजी झाले नसते तर दात गेला असता, हे मी लपवत नाही.

गंगावेस | २१ ऑगस्ट, सकाळी ६:४५

एक शेवटचं इचारतो. वारस पोर असंल तर? आमच्या गावातला तो कारखान्यावरचा, निरपराध, त्याला चौथीतलं पोरगं हाय. त्यानं मोठं हुईपातूर थांबायचं का मधल्यांनी ठरवून टाकायचं?

रंकाळ्याकाठी | २१ ऑगस्ट, सकाळी ८:३०

यावरही मतं दोन, आणि गंमत म्हणजे पुरावा अलींच्याच घरातला. शाफई आणि हंबली म्हणतात, पोर मोठं होईपर्यंत थांबायचं. तोवर खुनी कैदेत. कारण उद्या तो माफ करू शकतो आणि तो हक्क त्याच्याकडून कुणी काढून घ्यायचा नाही. अबू हनीफा म्हणतात, मोठे वारस असतील तर थांबायची गरज नाही, कारण अलींची काही मुलं लहान असताना त्यांचे थोरले पुत्र हसन यांनी इब्न मुल्जमला शिक्षा दिली. त्यावर पहिल्यांचं उत्तर असं की हसन तेव्हा राज्यकर्ते होते, त्यांनी राज्यकर्ता म्हणून शिक्षा दिली.

मी थांबण्याच्या बाजूची. इथे मी हनफी घरातली असूनही.

काळाकोट | २१ ऑगस्ट, सकाळी १०:१०

गंगावेस, तुमच्या त्या चौथीतल्या पोराबद्दल इथल्या कायद्यात काय आहे ते सांगतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९६ कलमाखाली मयताच्या अवलंबितांना शासनाच्या योजनेतून भरपाई मिळू शकते. रक्कम जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ठरवतं, आणि आरोपी सुटला तरी न्यायालय भरपाईची शिफारस करू शकतं. ही भरपाई घेतली म्हणजे माफ केलं असा अर्थ होत नाही, हे त्या माउलीला आवर्जून सांगा. पुष्कळ बायका त्या भीतीने अर्जच करत नाहीत.

खटला कुठपर्यंत आलाय, घटना कोणत्या सालातली, यावर पुढचं अवलंबून आहे, कागद बघितल्याशिवाय मुदतीबद्दल बोलणार नाही. एफआयआरची प्रत, मृत्यू दाखला आणि पोराचा शाळेचा दाखला घेऊन त्यांना कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात प्राधिकरणाच्या कार्यालयात पाठवा. वकील तिथे मोफत मिळतो. पहिल्या घरातल्या बाईंनाही सोबत न्या, तिच्या नवऱ्याचाही खूनच झालाय.

गंगावेस | २१ ऑगस्ट, सकाळी १०:३५

दोघींना एका गाडीतनं न्यायचं जमणार न्हाई, सायेब. सोमवारी एकीला आन् मंगळवारी दुसरीला घिऊन येतो.